स्नायूंचा आजार आणि श्वासाचे व्यायाम : सोलापुरातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सोलापुरात घरी जाऊन रुग्ण बघते. जुळे सोलापूर, अशोक चौक, विडी घरकुल, कधी अक्कलकोट-मोहोळकडची गावं. स्नायू आणि नसांच्या आजाराचे रुग्ण त्यात थोडेच, पण माझा सगळ्यात जास्त वेळ त्यांच्याकडे जातो. व्यायाम शिकवत असते तेव्हा घरचे गप्प बसून बघतात. मी दारात चपला घालायला लागले की मग खरे प्रश्न सुरू होतात. ते दारातले प्रश्न इथे एकत्र केलेत. काही मराठीत विचारलेले, काही आजीनं तेलुगूत विचारून नातवानं मराठीत सांगितलेले.

एक गोष्ट आधीच सांगते. कोणता व्यायाम, किती वेळा, हे तुमच्या माणसाला तपासलेल्या डॉक्टरांनी आणि फिजिओनं ठरवायचं. अंबू बॅगेनं (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) छाती भरणं आणि पोटावर दाब देऊन खोकायला मदत करणं, या दोन गोष्टी तर कुणी समोर बसून शिकवल्याशिवाय आणि तुमच्याकडून करून घेतल्याशिवाय सुरूच करू नका.

आजार हातापायांचा आहे, फुप्फुसं चांगली आहेत असं डॉक्टर म्हणाले. मग श्वासाचा व्यायाम कशाला?

डॉक्टर बरोबरच म्हणाले. लोहाराचा भाता डोळ्यांसमोर आणा. चामडं धड आहे, नळी मोकळी आहे, पण भाता ओढणारा हात दमलाय. फुप्फुसं स्वतःहून हलत नाहीत. त्यांना ओढायचं काम छाती आणि पोटाच्या मधला डायफ्रॅम करतो, बरगड्यांमधले स्नायू त्याला हात देतात. हातपाय अशक्त करणारा आजार याही स्नायूंना गाठतो, फक्त ते बाहेरून लवकर दिसत नाही.

भाता अर्धाच ओढला गेला की फुप्फुसाचे खालचे कोपरे उघडत नाहीत. बरेच दिवस न उघडलेल्या दाराच्या बिजागरीसारखे बरगड्यांचे सांधे आखडतात, आणि मग तेवढाच श्वास घ्यायला आणखी जोर लागतो. शिवाय खोकला दुबळा होतो. खोकल्याला आधी छाती भरून हवा लागते, मग घसा क्षणभर घट्ट मिटावा लागतो, आणि मग पोटाच्या स्नायूंनी एकदम दाब द्यावा लागतो. यातलं एक जरी कमी पडलं तरी बेडका जागचा हलत नाही. साध्या सर्दीनं ही माणसं दवाखान्यात भरती होतात ती बहुतेक वेळा यामुळे.

म्हणून माझ्या लेखी या आजारात श्वासाच्या व्यायामाची कामं दोनच. छाती रोज पूर्ण भरून उघडायची, आणि कफ बाहेर काढायचा. स्नायू पिळून ताकद आणायला गेलात तर पदरी थकवा येतो.

हे कोणकोणत्या आजारांत लागू आहे?

ड्युशेन आणि बेकर मस्क्युलर डिस्ट्रॉफी, लिंब गर्डल डिस्ट्रॉफी हे स्नायू झिजवणारे आनुवंशिक आजार, एसएमए (स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी, हाही आनुवंशिक), मोटर न्यूरॉनचा आजार म्हणजे एएलएस, पॉम्पे हा स्नायूंचा आनुवंशिक आजार. मायस्थेनिया आणि जीबीएस (गिलेन-बारे सिंड्रोम, नसांचा झपाट्यानं वाढणारा आजार) याच घरातले, पण त्यांची रीत वेगळी आहे, त्यांचं खाली वेगळं लिहिलंय.

प्रत्येक आजार श्वासाला वेगळ्या वाटेनं गाठतो. ड्युशेनच्या मुलांत साधारणपणे चालणं थांबल्यावर श्वासाची ताकद उतरायला लागते. पॉम्पेत आणि काही एएलएसच्या रुग्णांत माणूस अजून चालत-फिरत असतानाच डायफ्रॅम दुबळा झालेला असतो. एसएमएच्या लहान बाळांत उलट. तिथे डायफ्रॅम बराच शाबूत असतो आणि बरगड्यांचे स्नायू कमजोर, म्हणून श्वास घेताना पोट वर येतं आणि छाती आत ओढली जाते. बाळाला उघडं झोपवून दोन मिनिटं शांतपणे बघा, कळतं.

त्याला दम लागतच नाही. मग व्यायाम कधीपासून सुरू करायचे?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो, कारण यातच वर्षं वाया जातात. दम कधी लागतो? जिना चढताना, धावताना. जो मुलगा चाकाच्या खुर्चीवर बसून आहे, तो जिना चढतच नाही. त्याला दम लागायची संधीच येत नाही. ताकद निम्म्यावर आली तरी तो टीव्हीसमोर आरामात बसलेला दिसतो.

म्हणून मोजायचं. तपासणीचं नाव स्पायरोमेट्री, आपल्याकडे सगळे पीएफटी म्हणतात. ड्युशेनमध्ये ५-६ वर्षांच्या वयापासून, म्हणजे मुलाला नीट फुंकता यायला लागलं की, वर्षातून एकदा. चालणं थांबल्यावर दर ६ महिन्यांनी. ड्युशेनच्या देखभालीच्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आकडे स्पष्ट आहेत. पीएफटीच्या रिपोर्टवर 'एफव्हीसी' नावाची ओळ असते, म्हणजे छाती पूर्ण भरून जोरात सोडलेली एकूण हवा. ती अपेक्षेच्या ६० टक्के किंवा त्याखाली आली की छाती भरायचा व्यायाम सुरू करायचा. ५० टक्क्यांखाली आली की खोकल्याला मदत आणि रात्रीच्या बायपॅपचा (मास्कमधून श्वासाला मदत करणारं मशीन) विचार. फाइल काढा, ती ओळ शोधा, टक्क्यांचा आकडा बघा. कितीतरी घरांत रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट जपून ठेवलेला असतो आणि तो आकडा कुणी घरच्यांना समजावून सांगितलेला नसतो.

पीएफटी करताना एकदा बसून आणि एकदा आडवं झोपून करून द्या अशी विनंती करा. झोपल्यावर आकडा २५ टक्क्यांहून जास्त उतरला तर डायफ्रॅम थकलाय असं समजतात.

घरच्या घरी एक खूण ठेवता येते. छाती भरून श्वास घ्यायला सांगा आणि एका दमात मोठ्यानं आकडे म्हणायला लावा, सेकंदाला साधारण दोन. हुतूतूसारखा दम धरायचा. निरोगी मोठा माणूस ४०-५० पर्यंत सहज जातो. दर रविवारी कॅलेंडरवर आकडा लिहा. एकट्या आकड्याला फार महत्त्व नाही, तो उतरत चाललाय का हे महत्त्वाचं. २० च्या आत आला तर डॉक्टरांना कळवा, भराभर घसरला तर त्याच दिवशी.

रात्री श्वास कमी पडतोय हे झोपेत कसं कळणार?

सकाळी विचारा. उठल्या उठल्या डोकं दुखतं का? रात्री सारखी कूस बदलून द्यायला हाक मारतो का? वाईट स्वप्नं, सकाळी भूक नसणं, वर्गात किंवा दुपारी बसल्या जागी डुलकी लागणं, चिडचिड. उताणं झोपवत नाही, दोन-तीन उशा लागतात, हीसुद्धा खूण आहे. झोपेत श्वास उथळ होऊन शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याचा हा त्रास. घरचे बिचारे याला पित्त, अभ्यासाचा ताण किंवा मोबाइलचा नाद समजतात.

फुगे फुगवायला सांगितलेत. आणि ते तीन गोळ्यांचं यंत्र पण आणलंय.

फुगा फुगवताना सगळा जोर श्वास बाहेर सोडण्यावर जातो. आपल्याला हवी असते ती आत जाणारी हवा. तीन गोळ्यांचं यंत्र, ज्यात श्वास ओढून गोळ्या वर न्यायच्या असतात, ऑपरेशननंतरच्या रुग्णांसाठी चांगलं आहे, कारण त्यांचे स्नायू धड असतात आणि दुखण्यामुळे ते खोल श्वास घेत नाहीत. आपल्या माणसाला खोल श्वास घ्यायचाय, पण ओढणारा स्नायूच नाही. गोळी वर जात नाही म्हणून पोरगं हिरमुसतं, आणि आई म्हणते, 'नीट कर की रे.'

हे मी अधिकारानं सांगते, कारण मी स्वतः ही चूक केली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका १४ वर्षांच्या मुलाला मी रोज वीस फुगे सांगितले होते. तो इमानदारीनं फुगवायचा आणि संध्याकाळी जेवायलाही त्याच्यात त्राण उरायचं नाही. मला वाटलं, व्यायाम लागू पडतोय. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी थांबवलं नसतं तर मी पुढेही तेच सांगत राहिले असते. त्या मुलाचा थकलेला चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

लहान मुलांना साबणाचे फुगे उडवायचे असतील, बासरी फुंकायची असेल, तर खुशाल करू द्या. खेळ म्हणून. थकला की बंद.

मग नेमका कोणता व्यायाम करायचा? नीट सांगा.

श्वासावर श्वास रचायचा. एक घोट हवा घेतली, सोडायची नाही. त्यावर दुसरा घोट, त्यावर तिसरा. धान्याच्या कणगीत पाट्यांवर पाट्या ओतल्यासारखं. एका दमात जेवढी छाती भरत नाही, तेवढी तीन-चार घोटांत भरते.

आधी बसणं. पाठीला आधार हवा, मान सरळ, खांदे सैल. खाली सतरंजीवर मांडी घालून बसवून माणूस एका बाजूला कलत असेल तर व्यायामाचा अर्धा फायदा तिथेच जातो. आपल्याकडे घरोघरी सोलापुरी चादर असतेच. तिची घट्ट गुंडाळी करून कमरेच्या मागे द्या, दुसरी गुंडाळी ज्या बाजूला कलतो त्या बाजूच्या काखेखाली, बरगड्यांना लागून. ही चादर जाड असल्यानं दबून सपाट होत नाही, उशीपेक्षा बरी.

ज्यांच्यात थोडी ताकद आहे त्यांनी नुसत्या श्वासानं करायचं. नाकानं जमेल तेवढा श्वास घ्या, घसा बंद करून क्षणभर धरा, वर आणखी एक छोटा श्वास, आणखी एक. छाती ताणल्यासारखी वाटली की ३ ते ५ सेकंद धरा आणि हळू सोडा.

ताकद कमी असेल तर अंबू बॅग. आयसीयूत श्वास द्यायला वापरतात तीच दाबायची पिशवी. या व्यायामासाठी तिला हवा एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप बसवतात, म्हणजे आत गेलेली हवा पिशवीत परत येत नाही. तोंडात नळी किंवा नाका-तोंडावर मास्क. रुग्ण श्वास घ्यायला लागला की त्याच्याबरोबर पिशवी सावकाश दाबायची. २ ते ५ वेळा, एकावर एक. आता भरलं, अशी खूण त्यानं हातानं किंवा डोळ्यानं करायची, आणि ती खूण आली की थांबायचं, मग तुमच्या मनात एक दाब बाकी असला तरी. ३ ते ५ सेकंद धरून सोडायचं. मध्ये चार साधे श्वास घेऊ द्या. असं ३ ते ५ वेळा झालं की एक फेरी. दिवसातून दोन-तीन फेऱ्या पुरतात, सर्दी असेल तर जास्त. जेवणानंतर किमान एक तास नाही.

पहिल्या दिवशी छाती ओढल्यासारखी वाटते, ते चालतं. चक्कर आली तर थांबा, घाईनं करताय. छातीत टोचल्यासारखं दुखलं तर बंद करा आणि डॉक्टरांना सांगा. ज्यांना पूर्वी फुप्फुसाबाहेर हवा साठली होती, ज्यांच्या फुप्फुसात हवेचे फुगे आहेत, किंवा ज्यांच्या थुंकीतून रक्त जातंय, त्यांनी हा व्यायाम करायचा नाही.

आणि एक. झडप बसवलेली बॅग वेगळी ठेवा, तिच्यावर ठळक अक्षरांत 'फक्त व्यायामासाठी' अशी चिठ्ठी चिकटवा. जीव वाचवण्यासाठी श्वास द्यायची वेळ आली तर ही बॅग चालत नाही, कारण हवा परत बाहेर यायला वाट नसते.

बेडका घशात घरघरतो पण निघत नाही. काय करावं?

आधी खोकल्याची ताकद मोजून घ्या. दमेकऱ्यांचं पीक फ्लो मीटर असतं ना, त्यातच जोरात खोकायचं. मोठ्या माणसाचा आकडा मिनिटाला २७० लिटरच्या खाली असेल तर ठणठणीत असताना भागतं, पण सर्दी झाली की खोकला कमी पडतो. १६० च्या खाली असेल तर खोकल्यानं कफ निघतच नाही असं धरून चालायचं.

मदतीच्या खोकल्याची रीत अशी. आधी वर सांगितल्याप्रमाणे श्वास रचून छाती पूर्ण भरायची. रिकाम्या छातीवर पोट दाबून काहीच निघत नाही, आणि बहुतेक घरांत इथेच चुकतं. रुग्ण टेकून बसलेला किंवा थोडा उंच डोक्यानं झोपलेला. तुमचे दोन्ही तळहात त्याच्या बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली. मध्ये सोलापुरी टॉवेलची चौपदरी घडी ठेवा, म्हणजे बोटं टोचत नाहीत. 'एक, दोन, तीन, खोक!' त्यानं खोकायचं आणि त्याच क्षणी तुम्ही आत आणि वरच्या दिशेनं झटक्यात दाब द्यायचा. वेळ जुळणं हीच सगळी कला आहे. पहिले चार दिवस जुळत नाही, मग अशी जुळते की मोजावंही लागत नाही.

पोट भरलेलं असताना कधीच नाही. बरगडी मोडलेली असेल, पोटात नळी असेल, ऑपरेशन झालेलं असेल तर आधी विचारा. ड्युशेनची मुलं वर्षानुवर्षं स्टेरॉइडवर असतात, त्यांची हाडं ठिसूळ झालेली असू शकतात, त्यांच्या बरगड्यांवर दाब देऊ नका.

यानंही भागत नसेल तर खोकल्याचं मशीन असतं. ते आधी हवा आत ढकलतं आणि लगेच उलटं ओढून घेतं. किंमत लाखांत जाते, म्हणून मी लगेच घ्या म्हणत नाही. पण दर पावसाळ्यात एकदा आयसीयूत जाणारं घर असेल तर तो हिशोब मांडून बघा.

पाठ थोपटून, वाफ देऊन कफ सुटत नाही का?

सुटतो, पण सुटलेला कफ बाहेर कोण आणणार? खोकल्याला मदत नसेल तर थोपटून फक्त जागा बदलते. वाफेनं नाक मोकळं होतं एवढंच, आणि ज्याला हात हलवता येत नाहीत त्याच्यासमोर उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवणं मला नको वाटतं. खोकला दाबणारी सिरपं तर घरात ठेवूच नका. ज्याच्याकडे आधीच खोकला कमी आहे, त्याचा उरलेला खोकलाही ते काढून घेतात.

प्राणायाम चालेल का? कपालभाती रोज करतो आम्ही.

कपालभाती आणि भस्त्रिका नको. दोन्हींत पोटाचे स्नायू जोरजोरात, पुन्हा पुन्हा वापरावे लागतात, आणि आपल्याकडे तीच पुंजी थोडी आहे. घरातली बाकीची मंडळी करत असतील तर करू देत, पण शेजारी बसलेल्या आजारी माणसाला 'तूही कर, जोर लाव' असं म्हणू नका.

संथ अनुलोम-विलोम चालतो, श्वास न रोखता. भ्रामरी चालते. ओंकार किंवा एखादा अभंग लांब सुरात म्हणणं मला फार आवडतं, कारण त्यात माणूस नकळत श्वास मोठा घेतो, आवाज टिकतो आणि मनही रमतं. एएलएस झालेले एक काका रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणतात. आधी त्यांची एक ओळ एका श्वासात व्हायची, मग दोन श्वास लागायला लागले. आता त्यांची सून आधी अंबू बॅगेनं तीन श्वास देते आणि ओळ पुन्हा एका श्वासात होते. त्यांना त्या ओळीचं जे समाधान मिळतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही.

शवासन मात्र जपून. डायफ्रॅम दुबळा असलेल्याला सपाट उताणं झोपलं की पोटातले अवयव वर सरकून श्वास कोंडतो. टेकून बसूनच विश्रांती घ्या.

बेडकासारखा (बेडूक घेतो तसा) श्वास म्हणजे काय?

१९५० च्या दशकात पोलिओच्या रुग्णांत हा ओळखला गेला. जीभ आणि घशाचे स्नायू शाबूत असतील तर हवेचे छोटे छोटे घोट गिळल्यासारखे आत ढकलायचे. एका श्वासाला असे सहा ते नऊ घोट, कधी जास्तही. ज्यांना साधलं ते बायपॅपशिवाय काही वेळ काढू शकतात, मोठ्यानं हाक मारू शकतात. शिकायला आठवडे लागतात आणि सगळ्यांना साधत नाही. तरुण, चिकाटीच्या मुलांना मी आवर्जून शिकवते. गिळायला त्रास असेल तर नाद सोडा.

श्वासाची ताकद वाढवणारं यंत्र ऑनलाइन मिळतं, मागवू का?

स्प्रिंग लावलेलं, ओढायला जड जाणारं ते यंत्र. आजार सौम्य असताना, हलक्या दाबावर काहींना थोडा फायदा दिसतो, पण आजवरचा पुरावा कच्चा आहे. आजार पुढे गेलेला असेल तर थकवाच पदरात. तेवढे पैसे अंबू बॅगेवर घाला.

जेवताना ठसका लागतो. त्याचा श्वासाशी काय संबंध?

फार जवळचा. वाट चुकलेला घास श्वासनळीत जातो, आणि तो परत आणणारा खोकला दुबळा असतो.

आपलं सोलापूरचं जेवण या बाबतीत जरा अवघड आहे. कडक भाकरी आणि कोरडी शेंगा चटणी! कडक भाकरीचा चुरा घशात पसरतो, आणि चटणीची भुकटी श्वासाबरोबर आत ओढली जाते. सोडायला सांगितलं तर माणूस अर्धं जेवतच नाही, म्हणून मी सोडायला सांगत नाही. भाकरी आमटीत पूर्ण मऊ कुस्करा, चटणी दह्यात कालवून घट्ट करा. गव्हाची खीर, हुग्गी, मऊ भात उत्तम. पाण्याचा ठसका लागत असेल तर हनुवटी थोडी खाली, छोटे घोट, डोकं मागे टाकून तांब्यानं वरून पाणी ओतायचं नाही. जेवून अर्धा-पाऊण तास बसवूनच ठेवा. ठसका रोजचा झाला तर गिळण्याची तपासणी करून घ्या.

ऑक्सिजनचं सिलिंडर आणून ठेवलं तर धीर वाटेल.

धीर वाटेल, पण धोका होऊ शकतो. नीट वाचा, कृपा करून. या आजारात हवा आत-बाहेर करणारा पंप कमी पडतो. ऑक्सिजन दिला की बोटावरच्या मशीनचा आकडा ९८ होतो आणि घरचे निर्धास्त होतात. पण कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतच नाही. तो साठत जातो, माणूस गुंगीत जातो, आणि आकडा मात्र चांगला दिसत राहतो.

जागेपणी आकडा ९५ च्या खाली आला तर बहुधा कफ अडकलाय किंवा श्वास उथळ झालाय असं समजा. पहिलं काम छाती भरून, खोकल्याला मदत करून कफ काढणं. बायपॅप असेल तर लावणं. तरी वर येत नसेल तर दवाखाना. न्यूमोनियात ऑक्सिजन लागतो, पण तोही बायपॅपबरोबर आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड तपासत.

बायपॅपची सवय लागते म्हणतात. आणि लाइट गेली तर?

चष्म्याची सवय लागते तशी. दिवसभर राबणाऱ्या स्नायूंना रात्री विश्रांती मिळते, म्हणून सकाळी डोकं दुखत नाही आणि दिवस चांगला जातो. शेवटचा उपाय म्हणून त्याला घाबरू नका, लवकर लावणाऱ्यांचं आयुष्य वाढतं. फक्त दुकानदारानं स्वस्त म्हणून सीपॅप गळ्यात मारलं तर घेऊ नका, स्नायूंच्या आजाराला दोन दाबांचं बायपॅपच लागतं.

लाइटचा प्रश्न खरा आहे, उन्हाळ्यात तर जास्तच. इन्व्हर्टर नुसता असून चालत नाही, एका सुट्टीच्या दिवशी मेन स्विच बंद करून मशीन त्यावर किती तास चालतं ते घड्याळ लावून बघा. अंबू बॅग उशाशी ठेवा. ही दुसरी, झडप न बसवलेली. मशीन बंद पडलं तर हातानं श्वास देता येतो, आणि हे घरातल्या किमान दोघांना यायला हवं.

मी घरीच विड्या वळते. त्याचा त्रास होईल का?

मावशी, काम सोडा असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? पण तंबाखूची भुकटी बारीक असते, ती खोकला आणते आणि कफ वाढवते. सूप घेऊन बाहेरच्या ओट्यावर किंवा दुसऱ्या खोलीत बसा. तंबाखू आजारी माणूस झोपतो त्या खोलीत ठेवू नका. झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसा. घरात यंत्रमाग असेल तर सुताच्या तुसांसाठीही हेच.

गड्ड्याच्या जत्रेला, पंढरपूरला नेऊ का?

न्या. माणसाला घरात कोंडून ठेवू नका. गड्डा भरतो त्या होम मैदानावर जानेवारीत धूळही असते आणि सर्दी-खोकलाही फिरत असतो, म्हणून सकाळी गर्दी कमी असताना जा आणि मास्क लावा. आषाढीऐवजी मधला एखादा साधा दिवस गाठा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो तेव्हा दुपारी बाहेर नको, पाणी कमी पडलं की कफ चिकट होतो. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांना विचारून घ्या.

मायस्थेनिया आणि जीबीएसचं वेगळं काय?

मायस्थेनियात स्नायू वापरला की थकतो. व्यायाम सकाळी, किंवा गोळीचा असर चांगला असताना, आणि थोडाच. काही अँटिबायोटिक औषधांनी हा आजार एकदम बळावतो, म्हणून कुठल्याही दवाखान्यात गोळी-इंजेक्शन घेण्याआधी आजाराचं नाव सांगा.

जीबीएस तर दिवसांत, कधी तासांत वाढतो. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात रुग्ण वाढले तेव्हा इथेही लोक घाबरले होते. पायातली ताकद भराभर जात असेल तर घरी व्यायाम करत बसायचं नाही, थेट भरती व्हायचं. चार-पाच जणांत एखाद्याला व्हेंटिलेटर लागतो. बहुतेक जण पुढे सुधारतात, आणि श्वासाच्या व्यायामाची पाळी त्या सुधारण्याच्या काळात येते.

मी एकटीच करणारी आहे. रोज इतकं होत नाही.

नाही होणार. ताई, ज्या दिवशी काहीच होत नाही त्या दिवशी रात्री झोपण्याआधी छाती भरायची एक फेरी करा, दहा मिनिटांची. बाकी राहू दे. सर्दी झाली की मात्र शेजारच्यांना, नणंदेला, ज्यांना बोलावता येईल त्यांना बोलवा, कारण ते चार-पाच दिवस रात्रीही उठावं लागतं. शेजारचा कॉलेजातला मुलगा पंधरा मिनिटांत अंबू बॅग शिकतो, मी शिकवलं आहे. आणि तुमची कंबर दुखत असेल तर मला सांगा, तेही माझंच काम आहे.

तपासण्या, दाखला हे सगळं कुठे?

सुरुवात सिव्हिल हॉस्पिटलपासून करा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेलं आहे. निदानच पक्कं नसेल तर बंगळूरच्या निम्हान्समध्ये स्नायूंच्या आजारांचा खास विभाग आहे, सोलापुरातून उद्यान एक्स्प्रेस थेट जाते. रात्रीच्या प्रवासात बायपॅप आणि अंबू बॅग हाताशी ठेवा, सीटखालच्या बॅगेत नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव स्वतंत्रपणे आहे, तेव्हा दिव्यांगांचं यूडीआयडी ओळखपत्र काढून ठेवाच.

दवाखान्यात कधी धावायचं?

ओठ किंवा नखं निळसर, बोलताना दोन शब्दांत श्वास तुटणं, बसून श्वास घेतानाही मानेच्या शिरा ताणणं, श्वास घेताना पोट आत जाणं, न उठणारी गुंगी, कफ काढूनही ९५ वर न येणारा आकडा. यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करा, वाट बघू नका.

जाताना स्वतःचं बायपॅप आणि मास्क घेऊन जा. आणि एक कागद आजच लिहून प्लॅस्टिकमध्ये घालून दारामागे लावा. आजाराचं नाव. शेवटच्या पीएफटीचा आकडा. बायपॅपचे दाब. चालू औषधं, आणि स्टेरॉइड चालू असेल तर 'एकदम बंद करू नये'. 'नुसता ऑक्सिजन देऊ नये, कार्बन डायऑक्साइड तपासावा.' ड्युशेन असेल तर 'भूल देताना सक्सिनिलकोलीन देऊ नये, भूलतज्ज्ञांना आधी सांगावं.' रात्री दोन वाजता ड्यूटीवरच्या नव्या डॉक्टरांना हे सगळं आठवून सांगणं तुम्हाला जमणार नाही, तेव्हा तो कागद पुढे करा.